विमानातून टॉर्पेडो हल्ला: दुसऱ्या महायुद्धात तो कसा होत असे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारांतो, बिस्मार्क, पर्ल हार्बर, मिडवे ही नावं युद्धेतिहास वाचणाऱ्यांच्या तोंडी असतात. पण विमानाच्या पोटाखाली बांधलेलं पाऊण टनाचं शस्त्र समुद्रात टाकून ते धावत्या जहाजावर कसं आदळवत, हे क्वचितच कुणी नीट समजावून सांगतं. माझ्या मते या हल्ल्यांचा निकाल प्रामुख्यानं एका गोष्टीवर लागला. टॉर्पेडो सोडण्यापूर्वी विमानाला काही वेळ सरळ, खालून आणि संथ उडावंच लागे. तो वेळ वैमानिकाला मिळाला की जहाज अडचणीत येई. नाही मिळाला तर विमान जाई.

बॉम्ब असताना टॉर्पेडोची गरज काय होती?

युद्धनौकेचं जाड चिलखत डेकवर, बुरुजांवर आणि पाण्याच्या रेषेच्या आसपास असतं. वरून पडलेला बॉम्ब डेक उद्ध्वस्त करतो, आगी लावतो, माणसं मारतो, पण जहाज तरंगत राहण्याची शक्यता बरीच असते. टॉर्पेडो पाण्याच्या रेषेखाली फुटतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्फोटाचा जोर जहाजाच्या पत्र्याकडे वळतो, आणि भोक पडलं की समुद्र आत शिरतो. आत शिरलेलं पाणी एकाच बाजूला साठलं, तर जहाज कलंडतं.

नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतो बंदरात इटलीच्या ‘कोंते दी काव्हूर’ या युद्धनौकेला फक्त एक टॉर्पेडो लागला आणि ती तळाला टेकली. त्या टॉर्पेडोत सुमारे १७५ किलो स्फोटक होतं.

हा टॉर्पेडो चालतो कशावर?

त्या काळातला विमानी टॉर्पेडो म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी, माणूस नसलेली एक छोटी पाणबुडीच. पोटात दाबून भरलेली हवा असते. ती इंधनाबरोबर जळते आणि त्यावर मागचे दोन पंखे उलटसुलट दिशांनी फिरतात. दिशा राखायला गायरोस्कोप असतो. खोली राखायला पाण्याचा दाब ओळखणारी झडप आणि एक लंबक, अशी जोडी काम करते. विमानापासून सुटताना एक दोरी ओढली जाते आणि यंत्रणा सुरू होते.

स्फोटाचा चाप पुढच्या टोकाला असतो, पण तो लगेच सज्ज होत नाही. टॉर्पेडो पाण्यातून पुढे जाताना एक लहान फिरकी फिरते आणि ठरावीक अंतर कापल्यावरच चाप मोकळा होतो. म्हणून फार जवळून टाकलेला टॉर्पेडो जहाजावर आपटला तरी फुटत नसे. वैमानिकाला लांबून टाकून चालत नसे, अगदी जवळ जाऊनही चालत नसे.

एवढ्या उंचीवरून पडून तो मोडत नसे का?

मोडत असे, आणि खरी मेख इथेच होती. विमान कोणतं होतं, याची चर्चा खूप होते. पण टॉर्पेडो पाण्यात कसा शिरतो हे ज्यांनी आधी सोडवलं, त्यांनी समुद्रावरच्या लढाया जिंकल्या.

ब्रिटिशांचं स्वॉर्डफिश विमान साधारण १८ मीटर उंचीवरून आणि ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगानं टॉर्पेडो सोडत असे. खाली पोचायला त्याला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि तो पाण्याशी वीस-बावीस अंशांचा कोन करून शिरतो. हा कोन सोयीचा. त्याच वेगानं १०० मीटरवरून टाकला, तर कोन ४५ अंशांच्या जवळ जातो. टॉर्पेडो खोल बुडी मारतो आणि बंदरासारख्या जागी थेट चिखलात रुततो. उलट, खूप खालून आणि खूप वेगात टाकला, तर तो आडवाच पाण्यावर आपटतो, उसळी घेतो, पंखे वाकतात, गायरो बिघडतो आणि मग तो कुठेही भरकटतो.

हवेतून पडताना तो स्वतःभोवती फिरला तरीही पंचाईत. पाण्यात शिरताना त्याची सुकाणी भलत्या दिशेला असतील, तर खोली राखणारी यंत्रणा त्याला आडवा वळवणार आणि दिशा राखणारी यंत्रणा त्याला खाली ढकलणार. जपान्यांनी ९१ नमुन्याच्या टॉर्पेडोत यावर दोन उपाय केले. शेपटीला लाकडी पंख जोडले. ते हवेत टॉर्पेडोला सरळ ठेवत आणि पाण्यावर आपटताच तुटून पडत. शिवाय अंगावर गायरोनं हलणारे छोटे पडदे बसवले, त्यामुळे त्याचं लोळणं थांबलं. १९४१ मध्ये याच्या तोडीचं शस्त्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, असं मी नि:शंकपणे म्हणेन.

धावत्या जहाजावर नेम कसा धरत?

जहाज जिथे आहे तिथे नेम धरायचाच नसे. ते जिथे पोचणार आहे, तिथे धरायचा.

हिशेब करून पाहू. टॉर्पेडोचा वेग ४० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण साडेवीस मीटर. ९०० मीटरवरून सोडला, तर त्याला जहाजापर्यंत पोचायला ४४ सेकंद लागतात. जहाज ३० नॉटनं पळत असेल, तर तेवढ्या वेळात ते सुमारे ६८० मीटर पुढे गेलेलं असतं. बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेची लांबी २५० मीटर होती. म्हणजे तसल्या जहाजाच्याही पुढे, त्याच्या लांबीच्या जवळजवळ पावणेतीनपट अंतरावर, रिकाम्या पाण्याकडे बघून टॉर्पेडो सोडायचा.

त्यासाठी जहाजाचा वेग आणि त्याची आपल्याशी असलेली दिशा डोळ्यांनी ताडावी लागे. वेगाचा अंदाज नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, उसळणाऱ्या पाण्यावरून आणि मागे राहणाऱ्या फेसाळ पट्ट्यावरून घेत. स्वॉर्डफिशच्या कॉकपिटसमोर दोन्ही बाजूंना छोट्या दिव्यांची ओळ असे. जहाजाचा वेग जेवढा वाटेल, त्या हिशेबानं अमुक दिवा जहाजाशी जुळवायचा की विमानाचं नाक आपोआप योग्य तेवढं पुढे रोखलं जाई. साधन साधं होतं, पण अंदाज पाच नॉटनं चुकला तरी टॉर्पेडो शंभर मीटरहून अधिक मागेपुढे जाई.

टॉर्पेडो सोडण्याआधीच्या त्या मिनिटात विमानात काय चालायचं?

स्वॉर्डफिशमध्ये तिघे असत: पुढे वैमानिक, मध्ये निरीक्षक आणि मागे तारायंत्र व मशिनगन सांभाळणारा. तिघेही उघड्यावर. लक्ष्याजवळ पोचेपर्यंत ढगांच्या आडोशानं यायचं, मग एकदम खाली झेपावायचं, लाटांपासून पंधरा-वीस मीटरवर विमान सावरायचं आणि नाक रोखायचं. इथून पुढे डावीउजवीकडे वळणं बंद. पंख जरा कलले असताना टॉर्पेडो सुटला, तर तो तिरका पडतो. नाक वर असताना सुटला, तर शेपटीवर आपटतो.

२६ मे १९४१ च्या संध्याकाळी ‘आर्क रॉयल’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून निघालेल्या १५ स्वॉर्डफिशपैकी एक जॉन मॉफॅट उडवत होते. समुद्र प्रचंड खवळलेला होता. टॉर्पेडो लाटेच्या माथ्यावर पडला असता, तर त्याची दिशा गेली असती. मॉफॅट यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी: त्यांचा निरीक्षक कॉकपिटबाहेर पालथा वाकून, डोकं खाली घालून लाटा बघत होता आणि दोन लाटांमधली खळगी येईपर्यंत ‘अजून नाही’ असं ओरडत होता. समोरून बिस्मार्कच्या तोफा धडधडत होत्या आणि विमान तसंच सरळ चाललं होतं. खळगी आली, निरीक्षकानं सांगितलं, टॉर्पेडो सुटला. पाऊण टन वजन एकदम गेल्यावर विमान वर उसळतं. वैमानिकाला ते दाबून खालीच ठेवावं लागे, कारण वर गेलेलं विमान तोफांना सोपं सापडतं.

त्या हल्ल्यातला एक टॉर्पेडो बिस्मार्कच्या पिछाडीला लागला. सुकाणू डावीकडे १२ अंशांवर अडकलं आणि फ्रान्सच्या किनाऱ्याकडे निघालेलं जहाज पाठलाग करणाऱ्यांच्याच दिशेला वळत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. तो टॉर्पेडो मॉफॅट यांचाच होता असं बरेच जण मानतात. त्या धुरात आणि पावसात कुणाचा कुठला हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे, आणि मला त्याची फारशी गरजही वाटत नाही. पंधराही विमानं गेली म्हणून एक टॉर्पेडो लागला.

इतकं संथ, कापडी विमान बिस्मार्कच्या माऱ्यातून वाचलं कसं?

स्वॉर्डफिश दुपंखी होतं आणि बहुतांश कापडानं मढवलेलं. गोळे कापडातून आरपार जात आणि न फुटता निघून जात. विमान इतकं हळू होतं की जर्मन तोफांच्या यंत्रणेला त्याचा वेग धरताच आला नाही, अशी कथा नेहमी सांगितली जाते. मला त्यापेक्षा हवामानाचं कारण जास्त पटतं. ढग खाली होते, तुकडी विस्कटली होती आणि विमानं एकेक-दोनदोन करून वेगवेगळ्या बाजूंनी बाहेर पडली. तोफांना एकावर एकवटताच आलं नाही.

हे पटायला पुढच्या वर्षीची घटना पाहावी. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ‘शार्नहोर्स्ट’, ‘ग्नायझेनाऊ’ आणि ‘प्रिंत्स ऑयगेन’ ही जर्मन जहाजं भर दिवसा इंग्लिश खाडीतून निघाली. इंग्लंडच्या मॅन्स्टन तळावरून यूजीन एस्मंड यांच्या नेतृत्वाखाली सहा स्वॉर्डफिश त्यांच्यावर गेली. लढाऊ विमानांच्या पाच स्क्वाड्रन संरक्षणाला येणार होत्या, वेळेवर आली फक्त दहा स्पिटफायर. सहाच्या सहा स्वॉर्डफिश पाडली गेली. अठरा जणांपैकी तेरा गेले, एस्मंडही त्यांत होते. एकही टॉर्पेडो लागला नाही. विमान तेच, टॉर्पेडो त्याच जातीचा आणि माणसंही तेवढीच धैर्याची. एस्मंड यांनी तर नऊ महिन्यांपूर्वी ‘व्हिक्टोरियस’वरून याच बिस्मार्कवर रात्री हल्ला चढवून एक टॉर्पेडो लावलाही होता. खाडीत त्यांना ना अंधार मिळाला, ना पुरेसं संरक्षण.

जहाजं स्वतःचा बचाव कसा करत?

तोफा तर होत्याच, पण सर्वांत उपयोगी पडे ते सुकाणू. टॉर्पेडो पाण्यात पडताना दिसला की कप्तान जहाजाचं नाक किंवा शेपूट त्याच्या दिशेला वळवी. मग आडव्या लांबीऐवजी फक्त रुंदी समोर येते आणि टॉर्पेडो बाजूनं समांतर निघून जातो. हवेवर चालणाऱ्या टॉर्पेडोमागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उठत असे, तिच्यावर नजर ठेवून हे करत.

मोठ्या तोफा कधीकधी विमानांवर न डागता त्यांच्या पुढ्यातल्या पाण्यात डागत. उसळणारा पाण्याचा खांब खालून उडणाऱ्या विमानाला भिंतीसारखा लागतो. याशिवाय धुराचा पडदा, बंदरात पोलादी जाळ्या आणि जहाजाच्या दोन्ही कुशींना बाहेरून जोडलेले पोकळ कप्पे, म्हणजे स्फोट आतल्या भिंतीपासून लांब व्हावा.

दोन्ही बाजूंनी एकदम हल्ला का करत?

वरच्या उत्तरातल्या युक्तीवरचा तोडगा तो. जहाज डावीकडून येणाऱ्या टॉर्पेडोंना नाक दाखवायला वळलं की उजवीकडून येणाऱ्यांना त्याची पूर्ण लांबी मिळते. म्हणून तुकडी दुभंगून नाळेच्या दोन्ही बाजूंनी तिरकी येई. कप्तान कुठेही वळला, तरी एक गट त्याच्या कुशीवर.

८ मे १९४२ रोजी प्रवाळ समुद्रात जपान्यांनी ‘लेक्सिंग्टन’ या अमेरिकी विमानवाहू नौकेवर असाच दुहेरी हल्ला केला. ती नौका लांबलचक आणि वळायला जड. तिला दोन टॉर्पेडो लागले, पुढे पेट्रोलच्या वाफांचे स्फोट झाले आणि ती सोडून द्यावी लागली. सोबतची ‘यॉर्कटाउन’ चपळ होती, तिनं सगळे टॉर्पेडो चुकवले. तिला बॉम्ब मात्र लागला.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दोन गटांनी काही सेकंदांच्या फरकानं टॉर्पेडो सोडावे लागत. एक गट मिनिटभर आधी पोचला तर जहाजाला दोनदा वळायला सवड मिळे. हा मेळ साधायला शांततेच्या काळात वर्षानुवर्षं सराव लागतो, आणि १९४१ साली तो जपान्यांकडे होता.

‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ इतक्या लवकर कशा बुडाल्या?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि येणं रास्तही आहे. १० डिसेंबर १९४१ पर्यंत खुल्या समुद्रात, पूर्ण सज्ज असलेली मोठी युद्धनौका फक्त विमानांनी बुडवली आहे असं कधी घडलं नव्हतं.

ब्रिटिश ॲडमिरल टॉम फिलिप्स सिंगापूरहून या दोन नौका आणि चार विनाशिका घेऊन मलायाच्या पूर्व किनाऱ्यावरचं जपानी सैन्य रोखायला निघाले. वर लढाऊ विमानांचं छत्र नव्हतं. जपानी विमानं विमानवाहू नौकांवरून नव्हे, तर इंडोचीनमधल्या जमिनीवरच्या तळांवरून आली. मित्सुबिशीची दोन इंजिनांची, मोठ्या पल्ल्याची विमानं होती ती. एवढ्या लांबून दोन इंजिनी विमानं टॉर्पेडो आणतील असा हिशेबच ब्रिटिशांनी धरला नव्हता.

पावणेबाराच्या सुमारास ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ला पिछाडीला डाव्या बाजूला पहिला मार बसला. इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. टॉर्पेडो बाहेरच्या डाव्या प्रोपेलरच्या दांड्याजवळ फुटला. दांडा वाकला, पण इंजिन तो फिरवतच राहिलं. पोलादाचा वाकडा दांडा जोरात फिरत राहिल्यानं तो ज्या ज्या भिंतींतून जात होता, त्या फाटत गेल्या आणि पाण्याला इंजिनघरापर्यंत वाट मिळाली. जहाज साडेअकरा अंश कललं, वेग बराच घटला आणि अनेक विमानवेधी तोफांचा वीजपुरवठाच तुटला. सुकाणूही चालेना. आधुनिक, चिलखती, नवंकोरं जहाज काही मिनिटांत लंगडं झालं. त्यानंतरचे टॉर्पेडो म्हणजे हलू न शकणाऱ्या लक्ष्यावरचा मारा होता.

‘रिपल्स’ पहिल्या महायुद्धातली, पण तिचे कप्तान बिल टेनंट यांनी ती कमालीच्या कौशल्यानं वळवली आणि एकामागून एक टॉर्पेडो चुकवले. शेवटी कानोया गटाची विमानं अनेक दिशांनी एकदम आली. एका बाजूचे टॉर्पेडो चुकवायला वळलेलं जहाज दुसऱ्या बाजूला उघडं पडलं. साडेबाराच्या सुमारास ती कलंडली, ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ सव्वाच्या पुढे. दोन्ही जहाजांवरचे मिळून ८४० जण गेले. ॲडमिरल फिलिप्स आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’चे कप्तान जॉन लीच त्यांत होते. विनाशिकांनी दोन हजारांवर माणसांना वाचवलं. जपान्यांची फक्त तीन विमानं पडली.

बंदराचं पाणी उथळ असताना तारांतो आणि पर्ल हार्बर कसं जमलं?

दोन्हीकडे खोली बारा-पंधरा मीटरच्या घरात. नेहमीच्या पद्धतीनं टाकलेला टॉर्पेडो तळाला आपटला असता.

११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू नौकेवरून २१ स्वॉर्डफिश दोन लाटांत तारांतोवर गेली. टॉर्पेडो फक्त ११ विमानांना होते, बाकीच्यांकडे बॉम्ब आणि प्रकाशगोळे. ब्रिटिशांची युक्ती अशी: विमानाच्या नाकाखाली तारेचं एक रीळ, आणि तारेचं टोक टॉर्पेडोच्या नाकाला. टॉर्पेडो सुटला की तार ताणली जाऊन त्याचं नाक वर धरते, आणि तो टोकावर न शिरता पोटावर पडतो. मग खोल बुडी मारत नाही. बंदरातल्या जाळ्या जहाजांच्या तळापर्यंतच होत्या. टॉर्पेडो त्यांच्याखालून जाईल एवढ्या खोलीवर लावले होते आणि जहाजाच्या चुंबकीय प्रभावानं तळाखाली फुटतील असे चाप बसवले होते. तीन युद्धनौकांना मार बसला, त्यांतल्या ‘लित्तोरिओ’ला तीन टॉर्पेडो लागले. ब्रिटिशांनी दोन विमानं गमावली.

पर्ल हार्बर या हवाई बेटांवरच्या अमेरिकी नौदल तळासाठी जपान्यांनी लाकडी पंखांची नवी रचना केली आणि कागोशिमाच्या आखातात, शहराच्या घरांवरून झेपावत, खालून टॉर्पेडो सोडण्याचा सराव केला. बंदर उथळ आहे या भरवशावर अमेरिकेनं जाळ्या लावल्या नव्हत्या. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी शिगेहारू मुराता यांच्या हाताखाली ४० नाकाजिमा विमानं टॉर्पेडो घेऊन आली, त्यांतली पाच पडली. ‘ओक्लाहोमा’ काही मिनिटांत उलटली. ‘वेस्ट व्हर्जिनिया’लाही अनेक टॉर्पेडो लागले, पण तिच्यावरच्या माणसांनी दुसऱ्या बाजूच्या कप्प्यांत मुद्दाम पाणी सोडलं, म्हणून ती उलटली नाही आणि सरळ तळाला टेकली. पुढे ती दुरुस्त होऊन युद्धात परतली.

मिडवेला अमेरिकी टॉर्पेडो विमानांचं बलिदान वाया गेलं का?

४ जून १९४२ च्या सकाळी पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळ तीन अमेरिकी विमानवाहू नौकांवरून ४१ डेव्हास्टेटर विमानं निघाली. ‘हॉर्नेट’च्या आठव्या टॉर्पेडो स्क्वाड्रनची पंधरा विमानं जॉन वॉल्ड्रन यांच्यामागे संरक्षणाशिवाय जपानी ताफ्यावर गेली. पंधराही पडली, तीस जणांतले एकटे जॉर्ज गे वाचले. बाकीच्या दोन स्क्वाड्रनचेही मोजकेच परतले. एकही टॉर्पेडो लागला नाही.

त्यांच्यामुळे जपान्यांची झीरो ही लढाऊ विमानं खाली खेचली गेली आणि वरून आलेल्या सूरमारी बॉम्बफेक्यांना आकाश मोकळं मिळालं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. वेळा पाहिल्या तर हे जसंच्या तसं टिकत नाही. वॉल्ड्रन यांचा हल्ला साडेनऊच्या आत संपला, बॉम्बफेके आले दहा वाजून वीस मिनिटांनी. तेवढ्या वेळात झीरो पुन्हा वर चढू शकत होती. पण लागोपाठच्या हल्ल्यांनी जपानी नौका सतत वळत राहिल्या, डेक मोकळे करून स्वतःचा हल्ला उडवायला त्यांना फुरसत मिळाली नाही, आणि ‘यॉर्कटाउन’ची टॉर्पेडो स्क्वाड्रन अगदी त्या निर्णायक मिनिटांत झीरोंना गुंतवून होती. तेव्हा वाया गेलं असं मी म्हणणार नाही. मात्र त्यांना चांगलं शस्त्र देऊन पाठवायला हवं होतं, याबद्दल मला आजही राग येतो.

त्या शस्त्रात दोष काय होता?

अमेरिकेचा मार्क १३ टॉर्पेडो साधारण १५ मीटरपेक्षा खालून आणि ११० नॉटच्या आतबाहेरच टाकावा लागे. म्हणजे शत्रूच्या तोंडावर रांगत जायचं. एवढं करूनही तो बरेचदा भरकटे, बुडे किंवा फुटत नसे. पाण्यातला त्याचा वेगही जेमतेम ३३ नॉट. जपानी विमानवाहू नौका जवळजवळ तेवढ्याच वेगानं पळू शके.

सुधारणा झाल्या त्या साध्या वाटाव्यात अशा. नाकावर प्लायवुडचं पिंप बसवलं: हवेत वेग कमी करी, पाण्यावर आपटताना मार स्वतः झेली आणि फुटून जाई. शेपटीभोवती पोलादी कडं बसवलं, त्यानं पाण्यातली चाल सरळ झाली. १९४४ पर्यंत हाच टॉर्पेडो अडीचशे मीटर आणि त्याहून वरूनही, जवळपास तिप्पट वेगानं टाकता येऊ लागला. ॲव्हेंजर विमानाच्या वैमानिकाला मग तो जीवघेणा सरळ टप्पा कितीतरी लवकर संपवता येऊ लागला.

७ एप्रिल १९४५ रोजी ‘यामातो’ या जगातल्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेवर याचा प्रत्यय आला. आधी तिच्याच जातीच्या ‘मुसाशी’ला दोन्ही बाजूंनी टॉर्पेडो लागल्यानं ती सरळ राहून बराच वेळ तगली होती. म्हणून या वेळी बहुतेक मारा डाव्या बाजूलाच केला. किमान दहा टॉर्पेडो लागले, ‘यामातो’ दोन तासांच्या आत उलटली आणि तिच्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांसह बुडाली.

रात्रीही हल्ले होत का?

होत, आणि ब्रिटिश त्यात पुढे होते. माल्टाच्या हाल फार तळावरून स्वॉर्डफिश आणि अल्बाकोर विमानं भूमध्य समुद्रात जर्मन सेनापती रोमेलची रसद नेणाऱ्या जहाजांवर रात्री जात. एक विमान रडारवर जहाज शोधी आणि त्याच्या पलीकडे प्रकाशगोळे सोडी. उजेडापुढे जहाजाची काळी आकृती उभी राहिली की बाकीची अंधारातून येत. संथ विमानाला रात्र मानवते.

हिंदी महासागरात असे हल्ले झाले का?

एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदलानं कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टणम इथे हल्ले केले. ‘डॉर्सेटशर’, ‘कॉर्नवॉल’ आणि विमानवाहू ‘हर्मीस’ या नौका मात्र सूरमारी बॉम्बफेक्यांनी बुडवल्या, टॉर्पेडोनं नाही. ५ एप्रिलला टॉर्पेडो घेऊन कोलंबोकडे निघालेली सहा स्वॉर्डफिश झीरोंच्या तावडीत सापडली आणि सहाही पडली.

ब्रिटिश ॲडमिरल जेम्स सॉमरव्हिल यांचा बेत दिवसा लांब राहून रात्री रडारवाल्या अल्बाकोरनी टॉर्पेडो हल्ला करायचा होता. त्यांची विमानं संख्येनं कमी आणि संथ होती, त्यामुळे अंधारच त्यांचा आधार. जपानी ताफा रात्री हाताशी लागलाच नाही. नंतर सॉमरव्हिल यांच्या जलद नौका मुंबईला आल्या आणि उरलेल्या पूर्व आफ्रिकेकडे गेल्या.

पहिला आणि शेवटचा विमानी टॉर्पेडो हल्ला कोणता?

१२ ऑगस्ट १९१५ रोजी चार्ल्स एडमंड्स यांनी शॉर्ट १८४ या पाण्यावरून उडणाऱ्या विमानातून गॅलिपोलीजवळ एका तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. ते जहाज आधीच पाणबुडीच्या माऱ्यानं किनाऱ्याला लागलेलं होतं.

दुसऱ्या टोकाचा हल्ला जहाजावरचा नाही. १ मे १९५१ रोजी कोरियात अमेरिकी विमानवाहू ‘प्रिन्स्टन’वरून आलेल्या स्कायरेडर विमानांनी मार्क १३ टॉर्पेडोंनी ह्वाचॉन धरणाचे दरवाजे फोडले. बॉम्बनी ते फुटले नव्हते.

आज विमानातून टॉर्पेडो टाकतात का?

टाकतात, पण पाणबुडीवर. जहाजांसाठी क्षेपणास्त्रं आली, ती क्षितिजापलीकडून सोडता येतात. आजचा हलका टॉर्पेडो पॅराशूटनं पाण्यात उतरतो आणि पाणबुडी आवाजावरून स्वतः शोधतो. वैमानिकाला ना अंदाजानं पुढे नेम धरावा लागतो, ना तोफांच्या तोंडी सरळ उडावं लागतं. भारतीय नौदलाची पी-८आय विमानं हेच काम करतात. त्यांची एक स्क्वाड्रन २०२२ पासून गोव्यात, दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर आहे. तळापासून जवळच बोगमाळोला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे ‘विक्रांत’वरून उडणारं अलीझे विमान ठेवलेलं आहे. पाणबुड्यांविरुद्ध ते पोटातल्या कप्प्यात टॉर्पेडो नेत असे. गोव्याला गेलात तर त्या पोटाखाली वाकून जरूर पाहा.